दोन घरांमधली भिंत पडायला आली, खर्च कोणाचा?

दोन बंगल्यांमधली कंपाउंडची भिंत कलली, फुगली किंवा तिच्या भेगेतून पिंपळ वर आला, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘नवी बांधू या, निम्मे-निम्मे.’ पुढचं वाक्य मात्र घरागणिक बदलतं. कोणी म्हणतं, भिंत तुमच्या वडिलांनी बांधली होती, आमचा काय संबंध? कोणी म्हणतं, आम्हाला भिंत नकोच, जाळी पुरे. कोणी नुसतं ‘बघू’ म्हणतं आणि दोन पावसाळे तसेच जातात. पुण्यात सहकारनगर, एरंडवणे, मुकुंदनगर, कोथरूड या भागांतल्या जुन्या प्लॉटवर असे अबोले पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचसे पैशामुळे कमी आणि गैरसमजामुळे जास्त झालेले असतात. तो गैरसमज दूर व्हावा म्हणून हा लेख.

आधी कायद्याचं सांगतो. निम्मे-निम्मे हा चांगला रिवाज आहे, पण आपल्याकडे तो कायदा नाही. काही देशांत तसा कायदा आहे. कॅलिफोर्नियात २०१३ साली झालेला कायदा असं धरून चालतो की दोन जागांमधल्या कुंपणाचा उपयोग दोघांना सारखा, म्हणून खर्चही सारखा. फक्त काम काढण्याआधी शेजाऱ्याला तीस दिवसांची लेखी नोटीस द्यायची. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये १९९१चा कायदा साधारण हेच सांगतो, आणि वर एक शहाणपणाची अट घालतो: पुरेसं कुंपण जेवढ्यात होतं तेवढा खर्च दोघांचा, त्याहून भारी हवं असेल तर वरचा फरक ज्याला हवंय त्याचा. महाराष्ट्रात शहरातल्या दोन प्लॉटधारकांना असं बांधून घालणारा कायदा नाही. जमीन महसूल संहितेत हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी जमीनधारकावर टाकलेली आहे, त्यावरून ‘कायद्यानंच निम्मा खर्च द्यावा लागतो’ असं कोणी सांगतं. ती जबाबदारी खुणांची, म्हणजे दगडांची आहे. भिंतीची नाही.

मग शेजाऱ्याकडून खर्च मागता येतो तो कशाच्या आधारावर? भिंत दोघांच्या मालकीची असेल तर, आधीचा काही करार असेल तर, किंवा भिंतीचं नुकसान शेजाऱ्यामुळे झालं असेल तर. यातलं काहीच नसेल तर उरते ती समजूत. म्हणून पैशाचा विषय सगळ्यात शेवटी काढावा असं माझं ठाम मत आहे. त्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: हद्द नेमकी कुठून जाते, भिंत कोणाची आहे, आणि ती भिंत काय काम करते. या तिन्हींची उत्तरं मिळाली की खर्चाची वाटणी बहुतेक वेळा आपोआप सुटते. ती मिळण्याआधी ठेकेदाराला बोलावलं तर भांडण ठरलेलं.

हद्दीपासून सुरुवात करू. आपल्याकडे बहुतेक माणसं ‘भिंत म्हणजेच हद्द’ असं धरून चालतात. तसं असेलच असं नाही. गवंड्यानं पन्नास वर्षांपूर्वी दोरी धरताना झाड चुकवलं असेल, चर खणायला सोपी जागा निवडली असेल, किंवा मालकानं मुद्दाम भिंत पूर्ण आपल्या जागेत घेतली असेल. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते, पण ‘पूर्वेस प्लॉट नंबर अमुक’ एवढ्यावरून फूट-इंच कळत नाहीत. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका असते, बाकी ठिकाणी सातबारा. दोन्हींवर क्षेत्रफळ मिळतं, बाजूंची मापं नाहीत. ती मंजूर लेआउटच्या नकाशावर किंवा भूमापनाच्या नकाशावर सापडतात. म्हणून घरातल्या कागदांच्या फायलीतून आधी तो नकाशा काढा, आणि शेजाऱ्यांनाही त्यांचा काढायला सांगा. दोन्ही नकाशे एकाच टेबलावर ठेवून, टेप घेऊन दोघांनी मिळून मापं घेतली तर निम्मी प्रकरणं त्याच सकाळी मिटतील.

मापं जुळलीच नाहीत तर सरकारी मोजणीचा रस्ता आहे. या कामाला ‘हद्द कायम मोजणी’ म्हणतात. भूमी अभिलेख खात्याकडे अर्ज करायचा, शुल्क भरायचं. अर्ज ऑनलाइनही होतो. मोजणीच्या तारखेची नोटीस लगतधारकांना, म्हणजे शेजाऱ्यांना जाते. भूकरमापक येऊन मोजतात, जागेवर खुणा दाखवतात आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. हीच प्रत पुढे सगळीकडे लागते, तिची नीट जपणूक करा. निकाल पटला नाही तर वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते, तिला ‘निमताना मोजणी’ म्हणतात. मोजणीचा खर्चही दोघांत वाटून घ्यावा असं मी सुचवेन. एकट्यानं पैसे भरून आणलेल्या मोजणीकडे दुसरा संशयानं बघतो. दोघांनी मिळून मागितलेल्या मोजणीचा निकाल दोघांनाही मानावासा वाटतो.

धायरी, धनकवडी, आंबेगाव या बाजूला गुंठेवारीचे प्लॉट असतील तर अडचण वेगळी असते. एकाच सातबारावर पुष्कळांची नावं असतात, आणि सरकारी नकाशात हद्द असते ती त्या संपूर्ण गटाची किंवा हिश्श्याची. आतल्या दोन गुंठ्यांमधली रेषा नकाशावर नसतेच. तिथे सरकारी मोजणीनं तुमच्या भिंतीचा वाद सुटेल अशी आशा धरू नका. खरेदीखतासोबतचा हाताने काढलेला नकाशा, जागेवरची वहिवाट आणि दोघांनी सही केलेला नवा कागद, एवढ्यावरच तिथे काम चालतं. म्हणून अशा ठिकाणी लेखी समजूत जास्तच महत्त्वाची.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोजायच्या आधी जुनी भिंत पाडणं. जुनी भिंत कितीही मोडकळीला आलेली असो, ती इतकी वर्षं कुठे उभी होती हाच एक मोठा पुरावा असतो. मुदत कायद्यानुसार दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे, मालकासारखा, सलग बारा वर्षं ताबा ठेवणारा माणूस प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे ती जागा आता आपलीच झाल्याचा, दावा मांडू शकतो. मांडला म्हणजे सिद्ध झाला असं अजिबात नाही. न्यायालय त्यासाठी भक्कम पुरावा मागतं. पण जुनी भिंत पाडून नवी दीड फूट सरकवली, आणि आधीची कुठे होती याचा फोटोसुद्धा नाही, तर दोन्ही बाजूंना नुसत्या आठवणींवर लढावं लागतं. पाडण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. घराच्या पक्क्या कोपऱ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर दोन-तीन ठिकाणी टेपने मोजा, कागदावर लिहा आणि दोघांनी खाली सह्या करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता भिंत कोणाची? ती पूर्ण तुमच्या हद्दीत असेल तर तुमची, पूर्ण त्यांच्या हद्दीत असेल तर त्यांची. हद्दीच्या रेषेवर असेल, म्हणजे जाडीचा काही भाग इकडे आणि काही तिकडे, तर ती सहसा सामाईक धरली जाते. कागद नसतील तेव्हा माणसं खुणांवरून अंदाज बांधतात: भिंतीचे खांब कोणत्या बाजूला बाहेर आलेत, वरच्या कोपिंगचा, म्हणजे माथ्यावरच्या थराचा, उतार कोणाच्या अंगणात पाणी टाकतो, गिलावा एकाच बाजूला आहे का. बांधणारा सहसा खांब आपल्या जागेत घेतो, त्यामुळे हा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण तो पुरावा नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, जुनं बिल किंवा पत्र शोधा.

मालकी कळली की हक्कही कळतात. भिंत पूर्ण शेजाऱ्यांची असेल तर तिच्या दुरुस्तीचे पैसे ते तुमच्याकडून हक्कानं मागू शकत नाहीत. त्याच वेळी तुम्हालाही तिच्यावर शेडचे अँगल टेकवायचा, खिळे मारायचा किंवा ती कशी असावी हे सांगायचा हक्क नसतो. सामाईक भिंतीचं उलट. तिथे दोघांनाही बोलायचा अधिकार असतो, म्हणून एकट्यानं ती पाडू नये, उंच करू नये, तिच्यावर नवा बोजा टाकू नये. तसं केल्यास दुसरा दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम मागू शकतो. पेठांमधल्या वाड्यांत तर सामाईक भिंतीवर दोन्ही घरांच्या तुळया टेकलेल्या असतात. तिथे ‘भिंत बदलू या’ म्हणजे दोन्ही घरांचा आधार काढायचा प्रश्न असतो. कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या वाचकांनी तो विषय स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय हातातसुद्धा घेऊ नये.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: ही भिंत नुसती आडोसा आहे की माती अडवते? पुण्यात टेकड्यांच्या उतारावर वसलेल्या भागांत, म्हणजे बावधन, पाषाण, कात्रज, कोंढवा, पर्वतीचा पायथा इथे, शेजारच्या दोन प्लॉटची जमीन एका पातळीत नसतेच. एका बाजूनं पाच फुटांची दिसणारी भिंत दुसऱ्या बाजूनं नऊ फुटांची असते, आणि खालच्या चार फुटांच्या मागे माती असते. अशी भिंत म्हणजे संरक्षक भिंत, गवंडी-ठेकेदारांच्या भाषेत रिटेनिंग वॉल. मातीचा ढकलण्याचा जोर उंचीच्या वर्गानं वाढतो: अडवलेली माती दुप्पट उंच झाली तर जोर चौपट होतो, आणि भिंत उलथवून टाकण्याची ताकद आठपट. पावसाचं पाणी मागे साठलं तर मातीच्या जोडीला पाण्याचा दाबही येतो. काळी माती असेल तर ती भिजून फुगते. म्हणून आडोशासाठी बांधलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीमागे हळूहळू भराव टाकत जाणं हा जिवाशी खेळ आहे.

२९ जून २०१९ला कोंढव्यात एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या जागेतल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर रात्री कोसळली आणि १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. तीनच दिवसांत आंबेगावात दुसरी भिंत मजुरांच्या निवाऱ्यावर पडून आणखी ६ जण गेले. दोन प्लॉटमधल्या भिंतीकडे ‘पडली तर पडली’ अशा नजरेनं बघता येत नाही ते यासाठी. भिंत कलली, पोट काढून बाहेर आली, तिच्यातून गढूळ पाणी झिरपायला लागलं, की खर्चाचा वाद बाजूला ठेवून आधी तिच्या खालची जागा रिकामी करा आणि इंजिनिअरला बोलवा.

संरक्षक भिंतीच्या खर्चाला निम्मे-निम्मे हा नियम लावणं बऱ्याचदा अन्यायाचं ठरतं. इथे १८८२चा सुविधाधिकार कायदा उपयोगी पडतो. त्याच्या कलम ७मध्ये एक जुना, साधा न्याय लिहिलेला आहे: प्रत्येक जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. नैसर्गिक स्थितीत म्हणजे न खणलेली, आणि जिच्यावर कृत्रिम भार टाकलेला नाही अशी. आता हे आपल्या भिंतीला लावून बघा. खालच्या प्लॉटवाल्यानं पार्किंगसाठी हद्दीपर्यंत खोदलं आणि वरच्याची जमीन सुटायला लागली, तर ती सावरण्याची जबाबदारी खोदणाऱ्याची. वरच्या प्लॉटवाल्यानं बाग सपाट करायला चार फूट भराव टाकला आणि त्या भरावानं भिंत ढकलली, तर तो भार त्यानं निर्माण केलेला, त्यामुळे खालच्याकडे निम्मे पैसे मागणं योग्य नाही. दोघांनीही काही केलेलं नसेल, मुळातच उतार तसा असेल, तर मात्र समजुतीनं वाटणी करावी. वरच्याची जमीन टिकते, खालच्याचं अंगण सुरक्षित राहतं. दोघांना गरज आहे.

त्याच कलमात पाण्याविषयीही सांगितलं आहे, आणि पुण्याच्या पावसात ते फार कामाचं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं आणि ठरावीक ओहोळात न वाहणारं पावसाचं पाणी नैसर्गिक उतारानं खालच्या जमिनीवर जाऊ द्यावं लागतं. पूर्वी तारेचं कुंपण किंवा मेंदीची रांग असायची, पाणी खालून निघून जायचं. तिच्या जागी पक्की भिंत आली की ती बांधासारखी काम करते: वरच्या अंगणात तळं साचतं, पाया भिजतो, आणि एके दिवशी भिंत पाण्यासकट खाली येते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात कितीतरी सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, त्यानंतर पाण्याचा जोर कोणालाही नव्यानं समजावून सांगायची गरज उरलेली नाही. नव्या भिंतीत जमिनीलगत पाणी जायला जागा ठेवा. माती अडवणारी असेल तर ठरावीक अंतरावर पाणी झिरपून जाणारी भोकं आणि त्यांच्या मागे खडीचा थर हवाच. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवायला सांगा, कारण पैसे वाचवताना ठेकेदार पहिल्यांदा तोच गाळतो. छपराचं पाणी पाइपनं गोळा करून शेजाऱ्याच्या अंगणात सोडणं मात्र या हक्कात बसत नाही.

एवढं कळल्यावर आता पैशाकडे येऊ. आकडे फक्त हिशेब समजावण्यापुरते आहेत. समजा, साठ फूट लांबीची पाच फूट उंच विटांची सामाईक भिंत आहे. तशीच नवी बांधायला, जुनी पाडून राडारोडा उचलण्यासकट, १,२०,००० रुपये लागतात. शेजारची मंडळी म्हणतात, जाळी लावा, ४०,०००मध्ये होईल. तुम्हाला मात्र वरून दगडी टाइल्स हव्यात, त्याचे आणखी ३०,०००. इथे तडजोडीची रेषा ‘आहे तशी भिंत’ ही ठेवावी. जे होतं ते परत उभं करणं ही दोघांची गरज, म्हणून १,२०,०००चे निम्मे, ६०,००० प्रत्येकी. टाइल्स तुमची आवड, म्हणून ३०,००० तुमचे. तुमचे एकूण ९०,०००, त्यांचे ६०,०००. आता यात एक बदल करू. शेजाऱ्यांची गाडी मागे घेताना बारा फूट भिंत पडली होती असं धरा. साठपैकी बारा म्हणजे पाचवा हिस्सा, २४,०००. तेवढे त्यांचे एकट्याचे. उरलेल्या ९६,०००चे निम्मे ४८,०००. मग ते ७२,००० देतील आणि तुम्ही टाइल्ससकट ७८,०००. जिथे कारण एकाचं आहे तिथे खर्च एकाचा, जिथे वयानं भिंत थकली आहे तिथे दोघांचा.

काही गोष्टी या हिशेबाबाहेर राहून जातात आणि नंतर खटके उडवतात. काम चालू असताना लागणारं पाणी आणि वीज कोणाची? गवंड्यांना शेजाऱ्यांच्या अंगणातून काम करावं लागेल, तिथली फुलझाडं तुटली तर? भिंतीलगतचं झाड काढायचं ठरलं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५च्या कायद्यानुसार, मग झाड तुमच्या स्वतःच्या अंगणात का असेना. चेंबर, नळाची लाइन, विजेची केबल भिंतीच्या पायातून गेली आहे का हे खोदण्याआधी पाहून घ्या.

उंचीचंही आधी ठरवा. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार कंपाउंडच्या भिंतीची उंची साधारणपणे समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर. वरचे ०.९ मीटर जाळीचे किंवा रेलिंगचे ठेवले तर २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकाजवळ भिंत आणखी बुटकी ठेवावी लागते, वाहनं दिसावीत म्हणून. शेजारी आठ फुटांची बंद भिंत मागत असतील तर त्यासाठी निम्मे पैसे द्यायचा प्रश्नच येत नाही. काम काढण्याआधी तुमच्या कामाला परवानगी लागते का हे महापालिकेच्या बांधकाम विभागात विचारा.

‘मी आधी बांधतो, मग वसूल करतो’ हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. वकीलही १८७२च्या करार कायद्यातलं कलम ७० दाखवतात: कोणी फुकट करायच्या हेतूशिवाय दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. कलम खरं आहे. पण १९६२च्या पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी त्याची मर्यादाही सांगितली आहे: समोरच्याला ती गोष्ट स्वीकारायची किंवा नाकारायची मोकळीक असायला हवी, लाभ त्याच्यावर लादता येत नाही. शेजाऱ्यांनी ‘आम्हाला नको’ असं आधीच सांगितलं असेल आणि तरी तुम्ही भिंत बांधली, तर या कलमाच्या भरवशावर पैसे मिळतील असं धरू नका. त्या दृष्टीनंही बोलणं आधी व्हायला हवं.

बोलायला सुरुवात पैशानं करू नये. ‘काका, जरा भिंत बघायला येता का, मला मधला भाग धोक्याचा वाटतोय’ इतकं पुरे. दोघांनी भिंतीपाशी उभं राहून तीच भेग बघितली की पुढचं सोपं जातं. मग दोन-तीन दिवसांत एक साधं पत्र द्या, हातात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. असं काही:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या दोन्ही प्लॉटमधली पूर्वेची भिंत मधल्या वीस फुटांत कलली आहे, फोटो सोबत आहेत. दोन ठेकेदारांची अंदाजपत्रकं जोडली आहेत. आहे तशीच पाच फुटी भिंत बांधावी आणि तेवढा खर्च दोघांनी सारखा वाटून घ्यावा असं मला वाटतं. दिवाळीनंतर काम सुरू करून महिन्याभरात पुरं करायचा विचार आहे. तुमच्या ओळखीचा ठेकेदार असेल तर त्याचंही अंदाजपत्रक घेऊ. महिनाअखेरपर्यंत कळवलंत तर बरं होईल.’

भिंतीची अवस्था, उपाय, खर्च, वाटणी आणि मुदत, एवढं त्यात आलं पाहिजे. अंदाजपत्रक एकट्याच्या ओळखीतलं असलं की समोरच्याच्या मनात पाल चुकचुकते, म्हणून त्यांच्या ठेकेदारालाही मनापासून वाव द्या.

ठरलं की मुद्रांकावर लिहून घ्या. पूर्वी ज्या करारांना १०० रुपयांचा मुद्रांक चालायचा तिथे ऑक्टोबर २०२४पासून ५०० रुपयांचा लागतो. हद्दीचा नकाशा, भिंतीची जागा, उंची, जाडी, साहित्य, प्रत्येकाचा वाटा, नुकसान झाल्यास कोण भरणार आणि पुढची दुरुस्ती कशी, हे त्यात असावं. सह्या सगळ्या सहमालकांच्या. वडील गेल्यानंतर बंगला तीन भावंडांच्या नावे असेल तर तिघांच्या, आणि मालक परदेशात असतील तर त्यांची ईमेलनं आलेली संमती किंवा मुखत्यारपत्र. भाडेकरूचं किंवा घर सांभाळणाऱ्याचं ‘चालेल’ मोलाचं असलं तरी मालकाला बांधत नाही. घर विकलं तर नव्या मालकालाही हा कागद आपोआप बांधत नाही, म्हणून विकताना तो दाखवायचा असंही कलम घाला. पैसे एकमेकांकडे न देता दोघांनी आपापला वाटा थेट ठेकेदाराला टप्प्याटप्प्यानं द्यावा आणि बिल दोघांच्या नावे घ्यावं.

शेजारी सोसायटी असेल तर धीर धरा. अध्यक्ष किंवा सचिव ‘हो’ म्हणाले तरी मर्यादेपुढच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, आणि ठरावाची प्रत मागणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होणं, झालेलं नसेल तर जमीन कागदावर अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावे असते. हद्दीच्या कागदावर कोणाची सही हवी हा प्रश्न तिथे उभा राहतो. शेजारचा बंगला येत्या एक-दोन वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल, तर आत्ता पक्की भिंत बांधून पैसे घालवू नका. धोक्याचा भाग उतरवा, तात्पुरते पत्रे लावा, आणि नव्या भिंतीचं काम त्यांच्या विकसन करारात लिहून घ्यायला सांगा.

आणि शेजारी काही केल्या तयार नसतील तर? भिंत धोकादायक असेल तर महापालिकेला लेखी कळवा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४नुसार पडायला आलेलं बांधकाम उतरवण्याची किंवा सावरण्याची नोटीस आयुक्त देऊ शकतात. पोच घेऊन ठेवा. तुम्ही वेळीच सांगितलं होतं हे पुढे महत्त्वाचं ठरतं. हद्दीचा किंवा पैशाचा वाद असेल तर शिवाजीनगर न्यायालयात दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे दाव्याआधीच लोकअदालतीत विषय ठेवता येतो, आणि तिथे झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. भिंतीच्या किमतीपेक्षा वकिलाची फी आणि गेलेली वर्षं जास्त होतात, म्हणून दावा अगदी नाइलाजानंच करावा.

नुसता आडोसा हवा असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती मला वादापेक्षा केव्हाही बरी वाटते. मोजणी करून घ्या आणि पूर्ण भिंत, पायासकट, आपल्या हद्दीच्या आत बांधा. पाया भिंतीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे भिंत हद्दीपासून तेवढी आत घ्यावी लागेल. पायाचा एक इंचही पलीकडे गेला तर वाद पुन्हा तिथूनच सुरू होईल. हद्दीवरची जुनी सामाईक भिंत संमतीशिवाय पाडू नका. सगळा खर्च तुमचा, पण भिंतही सगळी तुमची. मधली वीतभर जागा तुम्ही सोडून दिलेली नाही हे शेजाऱ्यांना एका पत्रानं कळवा आणि त्या पत्राची पोच, मोजणीची ‘क’ प्रत आणि बांधकामाचे फोटो घराच्या खरेदीखताच्याच फायलीत ठेवा.